शिक्का नसलेली झेरॉक्स

तो निनावी अर्ज मी अजून विसरलेलो नाही. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं आणि बिदर जिल्ह्यात, सीमेजवळच्या एका पोलीस ठाण्याचा कार्यभार माझ्याकडे होता. टपालाने कन्नडमध्ये लिहिलेला अर्ज आला. महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या एका सुनेने तिकडच्या विद्यापीठाचं क्रेडिट प्रमाणपत्र बनावट तयार करून इथल्या कॉलेजात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, असा आरोप होता. सोबत त्या प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडली होती.

तिकडे दोन वर्षांत मिळवलेली क्रेडिट इथल्या विद्यापीठाने मान्य केली, की ती दोन वर्षं पुन्हा करावी लागत नाहीत. असाच अर्ज कॉलेजलाही गेला होता. आमचा अहवाल येईपर्यंत त्यांनी तिचा परीक्षेचा फॉर्म अडवून ठेवला. शेवटच्या तारखेला चार दिवस होते, आणि सासऱ्यांनी तिला शिकायला एकच वर्ष दिलं होतं.

नवऱ्यासोबत ती ठाण्यात आली. हातातल्या फोल्डरमध्ये गुणपत्रकं, हॉल तिकिटं, पावत्या, सगळ्याच्या प्रती होत्या. माझ्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली. खरा माणूस ठाण्यात येताना निम्मे कागद घरी विसरतो, हा माझा अनुभव.

"एवढ्या झेरॉक्स कशाला?" मी विचारलं.

"माझ्या तोंडाचं कोन खरं धरायलंय, साहेब? कागदाचं तरी धरतील."

उत्तर मला उद्धट वाटलं. तिसऱ्या सत्राचे विषय विचारले, ते तिने न अडखळता सांगितले. मला वाटलं, पाठ करून आली आहे. नवरा मात्र गरीब स्वभावाचा दिसला. हवालदाराला त्याने चहा आणून दिला. ती बाहेर गेल्यावर हळूच म्हणाला, "मला तर कागद खरेच दिसायलेत साहेब. पन तिकडचं मला काय ठावं?" माझा संशय आणखी पक्का झाला. तिच्या जुन्या विद्यापीठाला मी पडताळणीसाठी मेल पाठवला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन मूळ प्रमाणपत्र पाहिलं. त्याच्या कोपऱ्यात आवक शिक्का होता. अर्जासोबतच्या झेरॉक्सवर तो नव्हता. कारकून म्हणाला, "खिडकीत कागद आला की आम्ही लगेच शिक्का मारतो." म्हणजे ती झेरॉक्स कागद कॉलेजात येण्याआधीची होती.

ठाण्यात तिला पुन्हा बोलावलं.

"प्रमाणपत्र घरी कधी आलं?"

"शनिवारी, पोस्टानं. सोमवारी कॉलेजात दिलं."

"मधे कोणाच्या हातात होतं?"

"माझ्या अन् ह्येंच्या. झेरॉक्स बी ह्येंनीच काढून आनल्या. मला तीन दिल्या..." एवढं बोलून ती थांबली. अर्जासोबतची झेरॉक्स कोणाच्या हातून गेली, ते तिला कळलं होतं.

नवऱ्याला वेगळ्या खोलीत घेतलं.

"तुम्ही काय करता?"

"त्याच कॉलेजात हाय साहेब."

"कितव्या वर्षाला?"

"दुसऱ्या. दोनदा नापास झालो."

"आणि बायको?"

मग त्याला रडू फुटलं. "संगं शिकू म्हनलो होतो तिला. आता ती फुडच्या वर्गात बसायली. पोरं हसायलेत मला, साहेब."

संध्याकाळी मेलचं उत्तर आलं. प्रमाणपत्र अस्सल होतं. मी लगेच अहवाल लिहून कॉलेजला पाठवला. नवऱ्याविरुद्ध तक्रार द्यायची का, असं तिला विचारलं.

"केस नको. पन बसनार म्या तिसऱ्यातच."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी शेकडो माणसं पारखली, पण इथे चहा आणून देणाऱ्यावर भरवसा ठेवला आणि कागद जपणारीला चोर समजलो. जिच्या शब्दाला घरातही किंमत नाही, ती कागद सांभाळणार नाही तर काय करणार? मला स्वतःची लाज वाटली. "चुकलो, बाई," असं मी तिला तोंडावर म्हणालो.

तिने हात पुढे केला.

"अहवालाची एक प्रत द्या, साहेब. झेरॉक्स म्या सोताच काढते."