उभ्या गाडीचं तेल

मंगरूळपीरच्या मोटार स्टँडवर आम्ही दोघे भाऊ उभे होतो. सोबत एक लोखंडी ट्रंक, एक वळकटी आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. निरोपाला फक्त बाबा आले होते. चहाच्या टपरीपुढे बसलेली माणसं आमच्याकडे बघत होती. आम्ही मान वळवली की कपात बघत होती. बाबांना ते दिसलं. म्हणाले, "चोरासारके पाठमोरे राहू नका. तोंड दाखवून जा."

माझा थोरला भाऊ नामदेव, ज्याला आम्ही दादा म्हणतो, त्याने ट्रंक फिरवली आणि टपरीकडे तोंड करून तिच्यावर बसला. नागपूरकडची मोटार येईपर्यंत तो तसाच बसून होता.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. आमचं गाव मानोऱ्याच्या रस्त्यावर. तिथून जे बाहेर पडले त्यांना या प्रकरणाची एक बाजू माहीत आहे, जे राहिले त्यांना दुसरी. म्हणून सगळं सलग लिहितो.

दादा बापूसाहेबांचा ड्रायव्हर होता. बापूसाहेब गावातले मोठे कास्तकार. त्यांनी मुंबईहून एक जुनी अमेरिकन मोटार आणवली. तिला क्लच नव्हता. वेग वाढला की ती आपल्या मनाने गिअर बदलायची. गावाने तिचं नाव 'मनमौजी' ठेवलं. ती पोचवायला आलेल्या मुंबईच्या ड्रायव्हरने दादाला एवढंच सांगितलं होतं, की या गिअरबॉक्सचं सगळं काम तेलावर चालतं. तेल पाहायचं ते गाडी चालवून आणल्यावर, इंजिन गरम आणि चालू असताना. का, ते त्याने सांगितलं नाही आणि दादाने विचारलं नाही. तो रोज संध्याकाळी तसं पाहायचा.

बापूसाहेबही तेल पाहायचे, पण सकाळी, आंघोळ झाल्यावर, गाडी उभी असताना. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाने त्यांना तेच शिकवलं होतं.

पहिला उन्हाळा लागला आणि गाडी बिघडली. निघाली की ठीक असायची. चारेक मैलांनी तापली की इंजिन नुसतं गुरगुरायचं, गिअर बदलायचा नाही, आणि मग असा हिसका बसायचा की मागे बसलेल्या बापूसाहेबांची टोपी पुढे यायची. वाशीमहून मिस्त्री आणला. त्याचा हात ट्रकांवर बसलेला. त्याने गाडीखालून पाहिलं, एक फेरी मारली आणि सांगितलं, "गिअरात काही नाई. तेल पाहा."

सल्ला बरोबर होता. पण तिथूनच संशय सुरू झाला.

संध्याकाळी दादा सांगायचा, तेल कमी आहे, डबा द्या. बापूसाहेब म्हणायचे, सकाळी पाहून देतो. सकाळी बापूसाहेब तेलाची सळई ओढून पाहायचे, तर तेल भरल्याच्या खुणेवर. गाडीखाली थेंबभर डागच तेवढा. हे तेल मुंबईहून मागवावं लागे आणि डबे बापूसाहेबांच्या कुलपात असत. त्यांनी हिशोब असा लावला, की तेल दिवसा जातं आणि दिवसा गाडी नामदेवच्या हातात असते. दादाने दुसरा लावला. आपण गाडी लावून घरी गेलो की कोणीतरी येऊन तेल भरतं आणि आपल्याला खोटं पाडतं. त्याचा रोख बापूसाहेबांच्या चुलतभावावर होता. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या दोघा चुलतभावांचं वाशीमच्या कोर्टात चालू होतं.

एका संध्याकाळी दादाने बॉनेटच्या फटीवर काळा दोरा चिकटवला. सकाळी दोरा शाबूत होता आणि तेल वर आलेलं होतं. बापूसाहेबांनी त्याच बॉनेटवर लाखेचं सील ठोकलं. तेही शाबूत राहिलं. गावात कोणी भानामती म्हणालं, कोणी पीरबाबाची कृपा. एक म्हातारी घरचा कंदील घेऊन आली आणि रातभर गाडीजवळ ठेवू द्या म्हणाली. तेल वाढत असेल तर तिलाही हवं होतं.

बाबा वाड्यावर गेले. त्यांनी विचारलं, "बापूसाहेब, चोर माल परत आनून ठेवते काय?"

"कच्चा चोर ठेवते," बापूसाहेब म्हणाले.

पुढच्या तारखेला बापूसाहेबांची साक्ष होती. आदल्या संध्याकाळी दादाने डबा मागितला, त्यांनी दिला नाही. सकाळी त्यांनी स्वतः सळई पाहिली, तेल पूर्ण होतं, आणि ते गाडीत बसले. वाशीमच्या अलीकडच्या चढावर गाडी थांबली. इंजिन ओरडत होतं, चाकं जागची हलत नव्हती. मागून चुलतभावाची दमणी आली. बैलांच्या घुंगरांनी लांबूनच वर्दी दिली होती. "काहो बापूसाहेब, बैल सोडून देऊ का एखादा?" असं विचारून तो पुढे गेला. कोर्टात पुकारा झाला तेव्हा बापूसाहेब हजर नव्हते.

परत आल्यावर ते दादाला सर्वांसमोर म्हणाले, "तेल इकलं असतं त माफ केलं असतं. तू त मलेच इकलं."

त्यानंतर तालुक्यात दादाच्या हाती कोणी बैलगाडीही दिली नाही. जिनिंगच्या ट्रकमालकाने तोंडावर सांगितलं, जागा आहे, पण तुझ्यासाठी नाही. मला त्या सुमारास नागपूरच्या एका दैनिकात प्रूफरीडरची नोकरी लागली. दादा माझ्यासोबत निघाला, कारण त्याला दुसरीकडे जायला जागा नव्हती.

नागपुरात मी गॅली, स्टिक, डाक आवृत्ती हे छापखान्याचे शब्द शिकलो. दादा एका गॅरेजात गाड्या धुवायला लागला. मी संपादकीय टेबलावर गेलो तेव्हा आमचे वृत्तसंपादक बातमीच्या प्रत्येक कॉपीवर दोनच प्रश्न विचारायचे. कोणी पाहिलं? केव्हा पाहिलं? गावी आम्ही पहिल्यावर भांडत राहिलो होतो. दुसरा कोणी विचारलाच नव्हता.

गॅरेजात एका डॉक्टरांची तसलीच मोटार आली. दादा इंजिन चालू ठेवून तेल पाहत होता. आवाजाने त्रासून डॉक्टर म्हणाले, बंद कर ते. दादाने बंद केलं, सळई पुसली आणि थोड्या वेळाने सवयीने पुन्हा बुडवली. मघाशी खाली असलेलं तेल वर आलं होतं. त्याने इंजिन चालू केलं, तेल खाली. बंद केलं, वर. डॉक्टरांनी त्याला वेड लागलं का म्हणून विचारेपर्यंत तो हेच करत राहिला.

इंजिन फिरतं तेव्हा ते तेल गिअरबॉक्सभर खेचलं जातं. थांबलं की तळाला उतरतं आणि सळईवर जास्त दिसतं. दादाची संध्याकाळ खरी होती, बापूसाहेबांची सकाळही खरी होती. तेल थेंबाथेंबाने खरंच कमी होत होतं, पण उभ्या गाडीत ते पुरेसं दिसे.

दादा तसाच माझ्या ऑफिसात आला. माझ्या समोरच्या प्रूफावर त्याच्या बोटांचे काळे ठसे उमटले. म्हणाला, "रातीतून कोनी तेल भरत नव्हतं बे."

त्या दिवाळीला आम्ही गावी गेलो. गाडी कापसाच्या कोठ्यात उभी होती, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. बापूसाहेब काठी टेकत आले. दादाने सगळं सांगितलं. बापूसाहेब म्हणाले, "हे तू आता काहून सांगून राह्यला? काय पायजे तुले?"

"काही नाई. खरं ते सांगतो."

"मंग चालू करून दाखव."

दादाने दोन दिवस खटपट केली. इंजिन गंजून धरलं होतं, ते फिरलंच नाही. बापूसाहेबांनी स्वतः वाकून सळई ओढली. घट्ट, काळ्या तेलाची रेघ बरोबर भरल्याच्या खुणेवर होती.

"पाय," ते म्हणाले. "भरेलच हाये."

दादाने त्यांच्या हातून सळई घेतली, पुसली आणि जागेवर घातली. स्टँडवर पोचवायला बाबा आले. या वेळी दादाला ट्रंक फिरवायला कोणाला सांगावं लागलं नाही.

गावात आमच्याबद्दल जे ठरलं आहे ते उभ्या गाडीत ठरलं आहे, आणि ती गाडी आता चालू होणार नाही. तिथे मी जातो, पण ते माझं घर आहे असं मला आता म्हणता येत नाही. घर नागपुरात आहे. भाड्याच्या दोन खोल्या, आणि सगळ्यांचा एकमेकांवर वहीम, जसा कोणत्याही घरात असतो. दूध कमी दिसलं, साखर संपली, कोणी कोणाचं नाव घेतलं, की दादा हातातलं काम ठेवतो आणि विचारतो, "पायलं कवा? गाडी चालू होती का उभी?" त्याचं उत्तर दिल्याशिवाय आमच्याकडे कोणाला चोर म्हणता येत नाही.