बिननावाचे आवाज

डेटाबेस मोडला की लोक माझ्याकडे येतात, पण आधी घरगुती उपचार करून येतात. कुणी मशीन पुन्हापुन्हा बंद-चालू केलेलं असतं, कुणी यूट्यूब बघून भलतंच काहीतरी टाईप केलेलं असतं. माझं घर पोशीरला, आणि कर्जत-खालापुरात ही कामं करत फिरणारी बाई मी एकटीच. रसायनीच्या कारखान्यात जाते, लॉजवाल्यांकडे जाते, दवाखान्यांत जाते. सगळ्यांना एकच सांगते, बाबांनो, बिघडलं की हात लावू नका. ऐकतंय कोण!

त्या पावसाळ्यात कर्जतच्या एका खासगी ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या ऑफिसातून फोन आला. लाईट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली, सर्व्हर लिहिता लिहिता बंद पडला. परत चालू केल्यावर ‘टेबल खराब आहे’, म्हणजे नोंदींचा तक्ताच बिघडलाय, अशी एरर. मग मॅनेजरच्या कुणा मेव्हण्याने दुरुस्तीचं बटण दाबलं. ती दुरुस्ती म्हणजे काय असते? जी नोंद वाचता येत नाही ती फेकून द्यायची, आणि उरलेलं ठीक आहे म्हणायचं. मेव्हणा खूश होऊन चहा पिऊन गेला.

तिथे आलेल्या प्रत्येक फोनच्या दोन गोष्टी साठवल्या जायच्या. एक नोंद, म्हणजे कुठल्या नंबरवरून आला, कधी आला, कुठली गाडी गेली. आणि दुसरं, रेकॉर्ड झालेला आवाज, वेगळ्या फाईलमध्ये. दोघांना जोडणारा एक क्रमांक. नोंदी बहुतेक गेल्या होत्या. आवाज शाबूत होते, पण डिस्क तपासताना त्यांची नावं आणि तारखा पुसल्या जाऊन ते एकाच फोल्डरमध्ये ढिगाने पडले होते.

मॅनेजर म्हणाला, “मॅडम, जुनं सोडा. नवीन चालू करून द्या, बास.”

“जुनं सोडायचं तर मला कशाला बोलावलंत? तो मेव्हणा होता की!”

तेव्हा त्याने बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. बाकाच्या एका टोकाला म्हातारा बसला होता, दुसऱ्या टोकाला एक तरुण माणूस. मध्ये आणखी तिघं बसतील एवढी जागा. सासरा आणि जावई.

दोघंही कशेळ्याच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवरचे. म्हाताऱ्याची एकुलती एक पोर बाळंतपणात गेली होती. शेजाऱ्यांनी तिला डोलीत घालून डोंगर उतरवलं, रस्त्यावर आणलं, गाडी नव्हती. रस्त्याच्या कडेलाच बाळ झालं. मुलगी. मग कुणाची तरी जीप मिळाली, पण तोवर आई संपली होती. तिचा फोन डोलीतून ओढ्यात पडला तो पडलाच.

नवरा तेव्हा खालापूरकडे मजुरीला होता. त्याचं म्हणणं, मी जाताना तिला ह्या गाडीवाल्यांचा फोन नंबर पाठ करून दिला होता, तिने फोन केलाच असणार. म्हाताऱ्याचं म्हणणं, माझी पोर परक्या माणसाशी कधी बोलली नाही, ह्याने नंबर दिलाच नाही, वाऱ्यावर सोडून गेला. बाळ म्हाताऱ्याच्या घरी होतं, आणि तो ते बापाला हातात घेऊ देत नव्हता. वाडीतल्या जाणत्यांनी सांगितलं होतं, फोन झाल्याचं दाखव आणि लेक घेऊन जा. पोलिसांकडून कॉलची यादी काढता आली असती, पण पोलिसाच्या दारात जायला दोघंही तयार नव्हते.

मी आधी अख्ख्या डिस्कची प्रत केली आणि मूळ डिस्क कपाटात कुलपात टाकली. किल्ली माझ्या पर्समध्ये. मग प्रतीवर ती मोडकी फाईल तुकड्यातुकड्याने वाचत बसले. काही नोंदी निघाल्या, त्याही अर्धवट. नंबर आहे तर वेळ नाही, वेळ आहे तर नंबर नाही. तिचा नंबर कुठेच मिळाला नाही.

बाहेर येऊन दोघांना सांगितलं, “नोंद मिळाली नाही, म्हणजे फोन झाला नाही असं नव्हे.”

“म्हंजे नायच झाला,” म्हातारा म्हणाला.

“बाबा, मी काय बोलले?”

“तू शिकलेली हाईस. बोलनार गोलगोल.”

 जावई नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला त्या नजरेचा रागच आला, कारण तिला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. एक आवाजांचा ढीग तेवढा राहिला होता. पण मी तिला कधी ऐकलेलं नाही, आणि वाडीची बोली मला अर्धीमुर्धीच कळते. ओळखणार ती हीच दोघं.

“तुमचा नंबर देऊन ठेवा बाबा, बोलावते,” मी म्हटलं.

त्याने कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली. तिच्यात कापड, कापडात छोटा बटणांचा फोन. बंद. चालू करून नंबर काढून घेतला, तर आत एकच नंबर साठवलेला. लेकीचा. फोनही तिनेच घेऊन दिलेला.

“बंद कशाला ठेवता हो?”

“वाडीवर लाईट कुटं धड असती? कशाला उगा बॅटरी जाळायची? बाजाराला आलो की लावतो.” आणि माझ्यादेखत बंद करून परत गुंडाळला. मला तेव्हा हसू आलं.

ऐकायच्या दिवशी मॅनेजरने खोडा घातला. दुसऱ्यांचे आजारपणातले फोन असे ऐकवता येणार नाहीत म्हणाला. हे मात्र त्याचं खरं होतं. मग असं ठरलं, मी पहिले एक-दोन शब्दच ऐकवायचे, तिचा नसेल तर तिथेच तोडायचं. पण एक-दोन शब्दही पुरतात. “साप…” तोडला. “बाप पडला झाडा…” तोडला. एक बाई नुसतीच रडत होती. एक दारुडा शिव्या देत होता. एक लहान पोर म्हणालं, “आई उठत नाय,” आणि माझा हात वेळेवर चाललाच नाही.  चहा आला, तो कुणी घेतला नाही.

दुपार कलली तसा म्हातारा उठला. “बघ. नाय ना? चल, घरला जातो मी.”

“अजून हायेत,” जावई म्हणाला. “बसा.”

पुढची फाईल लावली. “हलो” एवढाच शब्द आला, आणि दोघंही एकदम म्हणाले, “थांब!” मी थांबवली. पहिल्यापासून लावली. म्हातारा उभ्याउभ्याच ऐकू लागला.

“हलो. गाडी पाठवा. माझ्या पोटात दुकाय लागलंय.”

“पेशंट तुम्हीच का? घरातल्या माणसाला द्या.”

“घरात कोन नाय. घरवाला कामाला गेलाय. त्यानीच हा नंबर दिलाय, दुकलं की लाव म्हनून.”

जावयाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“आईबाप, कोणी जवळ?”

“आय नाय. माझ्या बाला फोन लावला. दोनदा लावला. त्याचा फोन बंद हाय.”

“गाडी दुसरीकडे गेलीय. आली की पाठवतो. तुम्ही रस्त्यावर येऊन थांबा.”

“बरं, दादा. मोठ्या आंब्याखाली थांबते.”

संपलं. गाडी निघाली की नाही ही नोंद मेव्हण्याने फेकलेल्यांत होती, पण ते कळायला आता नोंद कशाला हवी! मॅनेजर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याचं तोंड बघवेना मला.

“पुन्यांदा लाव,” म्हातारा म्हणाला. लावली. “पुन्यांदा.” परत लावली. तो बाकीचं ऐकतच नव्हता, एका वाक्याची वाट बघत होता. ते आलं की त्याची मान हलायची. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा जावई उठला आणि त्याने माझ्या हातावर हात ठेवला.

“बास, ताई. नका आता त्यांना ऐकवू.”

जी गोष्ट मिळवायला हा माणूस इतके दिवस त्या बाकावर बसला होता, ती मिळाल्यावर तोच ती बंद करायला सांगत होता. मला रडू आवरेना. मी मॉनिटरमागे तोंड लपवून काहीतरी टाईप करत बसले.

म्हातारा खाली बसला, ह्या वेळी बाकाच्या मधोमध. “उद्या ये,” जावयाला म्हणाला. “पोर घेऊन जा. तिला रातची भूक लागती दोनदा, ध्यान ठेव.”

ती फाईल मी जावयाच्या फोनमध्ये घालून दिली. मॅनेजर म्हणाला, बाहेर जायला नको होती. त्याला काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हाताऱ्याला विचारलं, तुम्हालाही देऊ का? माझा फोन साधा हाय, म्हणाला.

निघताना त्याने कमरेची पिशवी सोडली, कापड उलगडलं, फोनचं बटण दाबून धरलं. उजेड आला तसा तो फोन न गुंडाळताच सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला.

“बाबा,” मी सवयीने बोलून गेले, “वाडीवर पोचेपर्यंत बॅटरी संपेल हो.”

“संपू दे,” तो म्हणाला.