सरकलेला जिल्हा

१२ जून. लेकीच्या जातीच्या दाखल्यासाठी सासऱ्यांच्या शेताचा जुना कागद काढायला जालन्याच्या कचेरीत गेले. मुदतीला दोनच दिवस उरलेले, आणि आष्टीजवळच्या आमच्या गावाचं जुनं दप्तर तिथं सापडेना.

बाकावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं गाव विचारलं आणि काठीनं फरशीवर रेघ ओढली. "ताई, जिल्हा नवा झाला तवा तुमचा परतूर तालुका परभणीतून इकडं आला. गाव हाय तिथंच राह्यलं, जिल्हा सरकला. जुना कागद परभणीत बराबर घावंल."

मला गाडीची वेळ समजावताना त्याचा नंबर पुकारला गेला आणि पाळी हुकली. "मला कुठं जल्दी हाय?" म्हणाला.

१३ जून. सकाळी परभणीत नक्कल हातात पडली. तो तेव्हा जालन्यात पुन्हा रांगेत बसला असेल.