भरल्याशिवाय न हलणारी जीप

श्रद्धाच्या आईचं लेकीबद्दल एकच म्हणणं होतं: एक ना धड, भाराभर चिंध्या. आणि खोटं कशाला बोला, म्हणणं खरंच होतं. कशेळ्याच्या या वीस वर्षांच्या मुलीनं आजवर जेवढ्या वेबसाइट सुरू केल्या, त्यातली एकही पुरी झालेली नव्हती. गावातल्या कुत्र्यांची साइट काढली, फोटो आणि स्वभावासकट. ती काळूच्या पिल्लांपाशी अडली, कारण पिल्लं फोटोला थांबेनात. करवंदांचा भाव सांगणारी साइट तयार होईस्तोवर करवंदंच संपली. टिकली ती एक प्रेमकथांची, आणि तीही टिकली कारण तिथं काम कमी आणि वाचन जास्त. वाचलेल्या प्रत्येक कादंबरीतल्या नायकाला श्रद्धा तिथं मार्क द्यायची. दिसण्याचे वेगळे, बोलण्याचे वेगळे, आणि नायिकेशी खोटं बोलला की सरळ केटी.

केटी म्हणजे काय हे तिला चांगलंच ठाऊक होतं. कर्जतच्या कॉलेजात ती आयटी शिकत होती आणि मागच्या वर्षी एक विषय राहिला होता. अभ्यास अवघड होता अशातला भाग नाही. पेपरच्या आदल्या दिवशी हातातल्या कादंबरीतली नायिका तापानं फणफणली होती, आणि तिला तशीच टाकून डेटाबेस वाचत बसणं श्रद्धाच्या मनाला पटलं नाही. नायिका बरी झाली, श्रद्धा नापास झाली.

तेव्हा तिचे वडील, सहदेव, एवढंच म्हणाले होते की पुढच्या वर्षी पुन्हा केटी लागली तर लॅपटॉप कपाटात जाईल आणि तू साजगावला कारखान्यात पॅकिंगला. आवाज चढवला नाही, चिडले नाहीत. हीच तर पंचाईत होती. सहदेव बोलले ते करत, याला अख्खं जीपस्टँड साक्षी होतं.

सहदेवची कशेळे ते कर्जत शेअर जीप होती, आणि स्टँडवर नंबर लावायचं कामही त्यांच्याकडेच. ज्याचा नंबर त्याची जीप आधी, आणि दहा शिटा भरल्याशिवाय चाक हलवायचं नाही. शीट म्हणजे माणूस. स्टँडवर माणसाला शीटच म्हणतात, सरपंच असला तरी. हा नियम सहदेवनी इतकी वर्षं पाळला होता की यमराज घाईत आले असते तरी त्यांना मधल्या बाकावर बसवून सांगितलं असतं, थांबा वाईच, दोन शिटा यायच्यात.

आता गाडी भरेस्तोवर माणसानं करायचं काय? श्रद्धा वाचायची. खिडकीशी बसून कर्जतच्या रद्दीवाल्याकडून आणलेली जाडजूड कादंबरी उघडायची आणि जग विसरायची. एकदा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, तशी शेजारी भाजीची पाटी घेऊन बसलेली जनाकाकी घाबरली. कोण गेलं गं, म्हणाली. श्रद्धानं सांगितलं, कोणी नाय गेलं, अवनीला राजवीर विचारतच नाही. हा राजवीर कॉफीच्या मळ्याचा मालक होता आणि पहिल्या पानापासून घोड्यावर बसून लांब कुठंतरी बघत होता. जनाकाकी म्हणाली, वाच जरा मोठ्यानं. झालं, त्या दिवसापासून जीपमध्ये रोज वाचन सुरू झालं. माणसं मुद्दाम लवकर येऊन बसू लागली. जनाकाकीला राजवीर काही केल्या पसंत पडेना. हा कामाला जातो तरी कधी, असं ती दर दोन पानांनी विचारायची. सहदेव मात्र बोनेटला टेकून उभे राहत आणि असली थेरं आपल्याला आवडत नाहीत असा चेहरा करत. चेहरा तिकडे होता, कान कुठं होते ते देव जाणे.

अशात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आला. वर्गातल्या सगळ्यांनी हॉस्पिटल मॅनेजमेंट नाहीतर लायब्ररी मॅनेजमेंट घेतलं. श्रद्धानं जीप घेतली. स्टँडवर नंबराला कुठली गाडी आहे आणि तिच्यात किती शिटा भरल्या, हे घरबसल्या मोबाइलवर दिसायचं. शीट चढली की ड्रायव्हरनं बटण दाबायचं. बाई लोककल्याणाला निघाली होती असं समजू नका. सकाळी अंथरुणात आणखी एक प्रकरण वाचता यावं आणि गाडी भरत आली की मग धावावं, हा मूळ हेतू. पण हेतू काही का असेना, साइट पुरी झाली. तिच्या जन्मातली पुरी झालेली पहिली साइट. आईनं देवापुढे साखर ठेवली, आणि आपल्या जाड अंगठ्यानं बटण दाबून दाबून सहदेवही खूश झाले.

दोन-चार दिवस सगळं झकास चाललं. मग कुठं माशी शिंकली कळेना, गाड्या भरेनात. सकाळच्या वेळी, जेव्हा एरवी दरवाजाला लोंबकळायला माणसं असायची, तेव्हा जीपा रांगेनं उभ्या आणि आत काळं कुत्रं नाही. दत्ता ड्रायव्हरनं आपल्या जीपला दोन ठिकाणी लिंबू-मिरची बांधली. कुणी म्हणालं एसटी जादा सोडलीय, कुणी म्हणालं लग्नसराई. वाचनही बंद पडलं, कारण ऐकायला माणूसच नव्हतं. राजवीरनं एकदाचं घोड्यावरून उतरून अवनीला लग्नाचं विचारलं होतं, आणि उत्तराच्या पानावर खूण घालून पुस्तक पिशवीत पडून होतं.

व्हायवाच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी श्रद्धा स्टँडवर आली तेव्हा नंबर सहदेवचाच होता आणि जीपमध्ये ती एकटी. पंधरा मिनिटं झाली, तीस झाली. बसून बसून तिनं सहज मोबाइलवर साइटची मागली बाजू उघडली, जिथं या घटकेला किती माणसं साइट बघतायत ते दिसतं. चाळीसच्या वर होती. गाडीत एक, साइटवर चाळीस! तिनं जनाकाकीला फोन लावला आणि कुठं आहेस म्हणून विचारलं. काकी मजेत म्हणाली की घरीच हाय, पाटी भरून तयार हाय, आठ शिटा दिसल्या की निघते.

श्रद्धानं कपाळाला हात लावला. सगळं गाव हुशार झालं होतं. जो तो दुसरा बसायची वाट बघत आपल्या घरच्या पायरीवर बसला होता, आणि हे सगळं तिनं स्वतःच्या हातानं करून ठेवलं होतं.

तिनं वडिलांना सांगितलं आणि म्हणाली की आज मला असंच सोडा, वर्ष जाईल माझं. सहदेवनी आरशातून मागं पाहिलं. मागं दत्ताची गाडी उभी होती, त्याच्यामागं आणखी दोन, सगळ्या रिकाम्या.

"तुझ्यापायी रिकामी काढली, तर उद्या दत्ताला कुठल्या तोंडानं थांबवू गं?" ते म्हणाले.

श्रद्धाला वडिलांचा इतका राग आला की रडू फुटलं. त्याहून जास्त राग आला तो त्यांचं बरोबर होतं याचा. साइटवर आठचा खोटा आकडा टाकावा असं क्षणभर मनात आलं. पण नायकांना खोटेपणासाठी केटी देणाऱ्या बाईला ते जमेना. मग तिनं डोळे पुसले आणि सहदेवच्या जीपच्या नावापुढं लिहिलं: या गाडीत आज अवनीचं उत्तर वाचलं जाईल. उशिरा येणाऱ्यास मागचं सांगितलं जाणार नाही.

काय सांगावं महाराज! जनाकाकी पाटी डोक्यावर घेऊन चक्क पळत आली. तिच्यामागं अर्धवट दाढी केलेले एक गुरुजी आले, बँकेत निघालेल्या दोन बायका आल्या, ज्याला कर्जतला काही कामच नव्हतं असाही एक जण आला. बघता बघता दहा शिटा झाल्या आणि चाक हललं.

वाचन सुरू झालं खरं, पण गाडी काही पळेना. एरवी सहदेवची जीप खड्ड्यांना नुसती शिवून जायची. आज बैलगाडीला लाजवील अशी चालली होती. श्रद्धानं आरशात वडिलांचा चेहरा पाहिला. तोंड किंचित उघडं, मान किंचित मागं, असे ते ऐकत होते. तिनं पुस्तक फाडकन मिटलं आणि जाहीर केलं की गाडी पळवाल तर पुढं वाचीन. गाडी उधळली. अवनीचं गंभीर, हळुवार उत्तर गचके खात बाहेर पडू लागलं, आणि दोन पानं उरली असताना कॉलेजचं फाटक आलं.

तिचं नाव पुकारून झालं होतं. लॅबच्या दारात सरांनी सांगितलं की गैरहजेरी लागली, आता काही होणार नाही. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. जनाकाकी वर येत होती, पाटीसकट, आणि तिच्यामागं बाकीची जीप. तिनं सरांना सांगितलं की पोरीला आमच्यामुळं उशीर झालाय, तिला आत घ्या. आणि दोन पानं राहिलीत, तीपण तिच्याकडेच हायेत.

हा गलका ऐकून लॅबमध्ये बसलेल्या, दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या परीक्षकांनी मान वर केली. सकाळपासून त्यांनी ओळीनं हॉस्पिटलं पाहिली होती आणि एकाही हॉस्पिटलात एकही पेशंट नव्हता. ही माणसं कोण, त्यांनी विचारलं. माझी साइट वापरणारी, श्रद्धा म्हणाली. परीक्षकांचा चेहराच उजळला. त्यांनी तिला आत बोलावलं, साइट पडद्यावर उघडायला लावली आणि मोठ्या उत्साहानं जनाकाकीला विचारलं की कशी वाटते साइट.

"वाईट हाय," जनाकाकी म्हणाली. "हिच्यामुळं गाडी भरत नाय."

झालं कल्याण. श्रद्धानं सगळं सांगून टाकलं. पडद्यावर दत्ताच्या जीपपुढं शून्य दिसत होतं, आणि ते शून्य बघत घरोघर माणसं बसली होती. परीक्षकांनी विचारलं की हे तुम्हाला सकाळीच कळलं, तर साइट अजून चालू कशी? माझे मार्क व्हायचेत म्हणून, ती म्हणाली. बोलून गेली आणि स्वतःच्याच कानाला ते इतकं लागलं की मान वर होईना. तिच्या डोळ्यांपुढं दत्ता आला, लिंबू-मिरचीखाली ताटकळत उभा असलेला. तिनं माउस धरला आणि शिटा मोजणारं पान काढून टाकलं. पडदा कोरा झाला. पुरं केलेलं पहिलं काम, आणि पुसायला चुटकीएवढाही वेळ लागला नाही. आता मात्र तिला खरंच रडू आलं.

परीक्षकांनी मार्कांचा कागद पुढं ओढला. मग म्हणाले, "अहो, मग मी मार्क कशाचे देऊ?"

"गाडी भरली त्याचे द्या की," दारातून जनाकाकी म्हणाली.

परीक्षकांना हसू आवरेना. हसून झाल्यावर त्यांनी श्रद्धाला तासभर छळलं. पान कसं बांधलं होतं, बटण दाबल्यावर आत काय व्हायचं, पुन्हा बांधाल तर काय बदलाल, एकेक खोदून खोदून विचारलं आणि तिनं एकेक सांगितलं. शेवटी पास होण्यापुरते मार्क पडले, वर एकही नाही. केटी टळली, लॅपटॉप वाचला. बाहेर येऊन तिनं उरलेली दोन पानं व्हरांड्यात उभ्यानं वाचून दाखवली, तेव्हा हॉस्पिटलवाली मुलंही भोवती जमली. अवनी हो म्हणाली. राजवीरला कामाला लाव म्हणावं, एवढं बोलून जनाकाकी बाजाराला गेली.

श्रद्धा खाली आली तर फाटकाशी जीप तशीच उभी. सहदेव कर्जतच्या स्टँडवर गेलेच नव्हते. इथं थांबल्यामुळं त्यांचा परतीचा नंबर कधीच निघून गेला असणार, हे तिला न विचारता कळलं. पास झाले बाबा, ती म्हणाली. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, आणि जरा जास्तच वेळ पुसलं. मग त्यांनी तिला पुढं आपल्याशेजारी बसवून गाडी सुरू केली आणि सरळ कशेळ्याच्या रस्त्याला घातली.

"बाबा, स्टँड मागं राहिलं," श्रद्धा म्हणाली. "गाडी रिकामी हाय."

"रिकामी कुठं हाय? तू हायेस न्हवं," सहदेव म्हणाले, आणि त्यांनी गियर टाकला.