जानरावांची जाड वायर

जानेफळात वीज आली आणि दुसऱ्याच वर्षी आमच्या शेजारच्या जानरावांनी रेकॉर्ड प्लेअर घेतला. त्याचा स्पीकर वेगळा, हा मोठा लाकडी पेटारा. माणूस तसा गरीब स्वभावाचा, पण आवाजाच्या बाबतीत दुसऱ्या कोणाचं ऐकतील तर शपथ.

एकदा ते अकोल्याहून स्पीकरसाठी बोटाएवढी जाड वायर घेऊन आले.

"बारीक वायरीतून सूर अंग चोरून येते," त्यांनी मला समजावलं. "जाड वायरीतून कसा मांडी घालून येते."

रेडिओ दुरुस्त करणारे वाहेदभाई हसले. "भाऊ, सूर का पाव्हणा हाये?"

पण खरी अडचण त्यांच्या बायकोची, कोकिळावहिनींची होती. पेटाऱ्यानं माजघर अडवलेलं, आणि उन्हाळी वाळवणं तोंडावर आलेली. त्यांनी निकाल देऊन टाकला. "लोकाईले आवाजात फरक वाटला तं राहू द्या. नाही वाटला तं पेटारा गोठ्यात."

जानरावांचा चेहरा पडला. गोठ्यात त्यांच्या दोन म्हशी होत्या आणि दोघींनाही संगीताचं काही नव्हतं.

ठरल्या दिवशी दुपारी सगळी गल्ली माजघरात जमली. वायर धान्याच्या कोठीमागून गेलेली, म्हणून ती कोणाला दिसत नव्हती. जानरावांनी बासरीची तबकडी लावली आणि डोळे मिटले. आम्हीही मिटले. चहा अजून यायचा होता.

"मोकळा झाला न आवाज?" जानरावांनी विचारलं.

"भलताच मोकळा," सगळे म्हणाले. वाहेदभाईंनीसुद्धा मान डोलावली. "मानलं भाऊ. बासरीवाला फुंकर मारते, ते बी ऐकू येऊन राह्यली." जानरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरंच बरं वाटलं.

वाहेदभाई पान थुंकायला अंगणात गेले आणि त्यांच्या टोपीला ओल्या शेवया लागल्या. लिंबापासून गोठ्याच्या खांबापर्यंत शेवयांची रांग लोंबत होती, आणि ती लोंबत होती अकोल्याच्या जाड वायरीवर.

"सकाळी दोरी तुटली," वहिनी पाटावरून न उठता म्हणाल्या. "हे कशी ताठ राह्यते. तुमच्या पेटाऱ्याले जुनीच जोडून देली मी."

कोणी कोणाकडे बघेना. वाहेदभाई बराच वेळ टोपीच झटकत बसले. मग ज्यांनी माना डोलावल्या होत्या त्यांनीच पेटारा प्लेअरसकट उचलून गोठ्यात नेला, गुपचूप.

जानरावांची मला फार कीव आली. संध्याकाळी समजूत घालायला गेलो, तर ते कडब्यावर बसून मजेत बासरी ऐकत होते. म्हशी रवंथ करत होत्या.

"इथं तं आवाज आनखीच खुलला," ते म्हणाले आणि खांबावरच्या शेवयांकडे बोट दाखवलं. "वायर जवळ पडते न."