पाऊण इंच मोठा पाळणा

पाळणा स्टँडमध्ये बसत नव्हता. डावीकडची खीळ खांबाच्या भोकात घातली की उजवीकडची बाहेर राहायची. उजवीकडची घातली की डावीकडची. आप्पा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. निपाणीत त्यांच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघं घाम पुसत एकमेकांकडं बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या नातीचं बारसं होतं.

"लाकूड फुगलंय मास्तर," आप्पा म्हणाले. "निपाणीची हवा न्हाय मानवत त्येला."

लाकूड दमट हवेत फुगतं हे खरं, पण ते रुंदीत फुगतं. लांबीत फुगणारं लाकूड मी आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि लाकडातच माझं आयुष्य गेलं आहे.

मी बेळगावच्या एका फौंड्रीत पॅटर्न मेकर होतो. फौंड्रीत लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. त्या वाळूत आधी वस्तूचा आकार उमटवावा लागतो. त्यासाठी लाकडाची हुबेहूब वस्तू करतात. तिला पॅटर्न म्हणायचं, आणि ती करणारा तो पॅटर्न मेकर. पंपाची बॉडी असो नाहीतर मोठं गिअर, आधी ते आमच्या हातून लाकडात जन्माला यायचं. रिटायर झाल्यावर बायको म्हणाली, घरात लुडबुड नको. म्हणून घरामागच्या शेडमध्ये मी रविवारचा क्लास सुरू केला. हौशी लोकांना सुतारकाम शिकवायचं. बँकवाले येतात, डॉक्टर येतात. पहिल्या रविवारी प्रत्येकाला डायनिंग टेबल करायचं असतं. मी साधा पाट करायला लावतो. निम्मे लोक पुढच्या रविवारी फिरकत नाहीत.

आप्पा फिरकले. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. वखार पुतण्याकडं सोपवून घरी बसले आणि घरच्यांना दिवसभर सल्ले द्यायला लागले. तेव्हा त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, त्यांना माझ्याकडं पाठवलं. दर रविवारी कारनं यायचे. रंधा मारताना जीभ बाहेर काढायचे आणि पाट पुरा झाल्यावर त्यावर बसून त्यांनी सगळ्यांना फोन केले होते.

मग त्यांच्या लेकीचे, स्मिताचे, दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी, बारसंही माहेरी, आणि पाळणा आजोबांचा. आप्पांनी चिकोडीच्या विहीणबाईंना, म्हणजे स्मिताच्या सासूबाईंना, फोनवर सांगून टाकलं, "पाळणा मी सोता माझ्या हातानं करणार." पलीकडून त्या हसल्या. नुसत्या हसल्या असत्या तरी चाललं असतं. त्या म्हणाल्या, "करा की बीगरे. आम्ही एक स्टीलचा रेडीमेड डिकीत घालून आणतो. असावा आपला."

बीगरे म्हणजे व्याही. चिकोडीकडं असंच म्हणतात. पण त्या 'असावा आपला'नं आप्पांना जेवण गोड लागेना. मला म्हणाले, "मास्तर, कायबी होऊ द्या. डिकीतला पाळणा खाली उतरता कामा न्हाय."

काम वाटून घेतलं. स्टँडच्या भोकांना मशीन लागतं, म्हणून स्टँड माझ्या शेडमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत. पाळणा मात्र आप्पांनी घरी एकट्यानं करायचा हट्ट धरला. विहीणबाईंना शब्दच तसा दिला होता. दर रविवारी मोबाइलवर फोटो दाखवायचे. फोटोत काम खरंच चांगलं दिसायचं. बारशाच्या आदल्या दिवशी मी स्टँड गाडीच्या कॅरिअरवर बांधून निघालो. काकतीपर्यंत ते खडखडत होतं, तिथं थांबून दोरी आवळली. पुढचा रस्ता शांततेत गेला. ती शांतता निपाणीत संपली.

मी टेप काढला. पाळण्याची लांबी तीन फूट हवी होती, ती पाऊण इंच जादा भरली. म्हणजे सहा सूत. आमच्याकडं इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. रुंदी दीड फूट हवी, तीन सूत जादा. उंची एक फूट, दोन सूत जादा.

आता मला हसू यायला लागलं. शिकाऊ माणसाची चूक बेशिस्त असते. एक फळी लांब, दुसरी आखूड, तिसरी तिरकी. ही चूक मात्र शिस्तीत चालली होती. फुटाला दोन सूत, कुठंही कमी नाही, कुठंही जास्त नाही. हा आकडा मी झोपेतसुद्धा सांगेन. वितळलेलं स्टील गार होताना फुटाला साधारण दोन सूत आकसतं. म्हणून स्टीलसाठीचा पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर मापाला बेरीज करत बसायला नको म्हणून आमच्याकडं खास पट्टी असते, श्रिंकेज स्केल. दिसायला साधी स्टीलची पट्टी. पण तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा दोन सूत लांब असतो. ती फौंड्रीबाहेर कुणाच्या उपयोगाची नाही. माझी एक पट्टी शेडच्या ड्रॉवरमध्ये मखमलीच्या कापडात असायची.

"आप्पा, माप कशानं घेतलं?"

"पट्टीनं."

"कुठल्या पट्टीनं?"

"असते की वो पट्टी घरात," आप्पा म्हणाले आणि छताकडं बघायला लागले.

गॅरेजला लागून स्वयंपाकघराची खिडकी होती. तिथून आक्कांचा आवाज आला. "ती न्हवं काय वो, माझ्या साड्यांखाली दडवून ठेवलेली? बेळगावास्नं आणलेली?"

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भिंतीवरच्या पट्ट्या सगळ्यांनी वापरायच्या, ड्रॉवरमधल्या पट्टीला हात लावायचा नाही, असं मी क्लासमध्ये सांगितलं होतं. आप्पा व्यापारी. खरा माल दुकानदार पुढं मांडत नाही, आत गुंडाळून ठेवतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. "तुम्ही मखमलीत ठेवलीसा," ते म्हणाले, "म्हटलं, मास्तर अस्सल पट्टी सोतासाठी ठेवून आम्हास्नी हलक्या पट्ट्या देतोय." म्हणून नातीसाठी त्यांनी अस्सल पट्टी उचलली. बारसं झाल्यावर गुपचूप परत ठेवणार होते. मी रिटायर माणूस, स्टीलचं काम नाही, ड्रॉवर उघडायचं कारण नाही. मला पत्ताच नव्हता.

रागवायचं म्हणून तोंड उघडलं, पण हसूच आलं. आप्पा हसले नाहीत. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता.

"खांब आतनं तासूया," ते म्हणाले.

"नाही. खांब बारीक झाले की कमकुवत होतात. यात लेकरू झोपणार आहे."

"मग पाळणा कापूया."

"गम वाळलाय. कापला तर सगळे सांधे सैल होतील."

एकच वाट होती. पाळणा मोठा झाला आहे, तर स्टँडही तेवढंच मोठं करायचं. सुदैवानं स्टँड अजून गमानं चिकटवलं नव्हतं. दोन खांबांच्या चौकटींना जोडणाऱ्या खालच्या दोन आडव्या पट्ट्या तेवढ्या नव्या करायच्या. पट्टीच्या दोन्ही टोकांना जीभ काढायची, ती चौकटीच्या भोकात ठोकून बसवायची. कोपऱ्यात उरलेलं सागवान होतं. दुपार नुकतीच कलली होती. मी शर्टाच्या बाह्या सारल्या.

तेवढ्यात फाटकात हॉर्न वाजला.

"उद्या गर्दी म्हणून आजच आलतो," अंगणातून खणखणीत आवाज आला. विहीणबाई. पाठोपाठ त्यांच्या नवऱ्यानं डिकी उघडल्याचा आवाज.

आप्पांनी गॅरेजचं दार आतून लावून घेतलं. बाहेर आक्का म्हणाल्या, "डिकी ऱ्हाऊ द्या वो, आधी लेकराला बघा." डिकी बंद झाली. मग बाळ बघणं, नाक कुणावर गेलं त्यावर चर्चा, चहा. आक्कांनी बराच वेळ खेचला. तोवर आप्पांनी दोन्ही पट्ट्या रंधून गुण्याला लावल्या होत्या, म्हणजे काटकोनात आणल्या होत्या. मी पटाशी उचलली तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"हात लावायचा न्हाय मास्तर. मी सोता करणार म्हणून सांगितलंय. तुम्ही नुसतं धरा."

माप घ्यायची वेळ आली. त्यांनी भीतभीत भिंतीवरचा टेप घेतला.

"ठेवा तो," मी म्हणालो. "आणा ती साड्यांखालची."

जैन घर. सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचं, मावळल्यावर ताट नाही. त्यामुळं संध्याकाळ व्हायला लागताच आक्कांनी पानं मांडली. आमच्याकडं आता जेवण संपेपर्यंतचा वेळ होता, आणि आक्कांना ते कळत होतं. खिडकीतून त्या आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात वाढत होत्या. "विहीणबाई, अजून एक होळगी! असं कसं, उद्याच्या ताटातली आज खावा!" होळगी म्हणजे पुरणपोळी. बारशासाठी केलेल्या होळग्या आमच्या करवतीपायी उडत होत्या.

"हा कसला आवाज वो?" विहीणबाईंनी विचारलं.

"शेजारचं काम. लई दिवस चाललंय. भात वाढू?"

पहिल्या पट्टीची जीभ बरोबर बसली. दुसरीची जरा जाड झाली. आप्पांनी घाईनं पटाशी मारली आणि बोट वाचलं ते नशिबानं. मी त्यांचा हात धरला. "आप्पा, जेवून या. ऊन उतरलंय. मग सकाळपर्यंत काही मिळायचं नाही. मी नुसता बसून राहतो, शपथ, हात लावत नाही."

आप्पा खाण्याचे शौकीन. क्लासला येतानासुद्धा डबा बरोबर असायचा. त्यांनी खिडकीकडं पाहिलं. तुपाचा वास येत होता. मग मान हलवून ते पुन्हा जिभेवर वाकले. मला एकदम त्यांची माया आली. इतका वेळ मी गंमत बघत होतो, ती गंमत तिथं संपली.

गम वाळायला रात्र लागली असती. म्हणून सांध्यातून गिरमिटानं आरपार भोक पाडून लाकडी खुंट्या ठोकायला सांगितल्या. खुंटी बसली की सांधा जागचा हलत नाही. शेवटची खुंटी बसली, पाळणा उचलला, दोन्ही खिळी भोकांत गेल्या. बाळ निजवायच्या आधी वजन टाकून बघायचं असतं. कोपऱ्यात तांदळाचं पोतं होतं, ते आम्ही दोघांनी उचलून पाळण्यात ठेवलं. आप्पांनी एक झोका दिला. कुरकुर नाही, काही नाही. दुसरा दिला. मग ते देतच राहिले.

आणि दार वाजलं. उघडावंच लागलं. विहीणबाई पदराला हात पुसत उभ्या. पाठीमागं आक्का, हताश.

"काय ओ बीगरे, तांदूळ निजवताय काय?"

आप्पांचा झोका थांबला नाही. त्या आत आल्या. कठड्यावरून हात फिरवला. पाळण्याच्या काठावर दोन्ही हात टेकून सगळा भार टाकला, आणि तो भार काही थोडाथोडका नव्हता. स्टँड हललं नाही. मग त्यांनी पोतं उतरवायला लावलं आणि गाडीतून छोटी गादी आणली. स्टीलच्या पाळण्याच्या मापाची, तीन फुटी. ती आत टाकली. कडेला फट राहिली.

"मोठा झालाय," त्या म्हणाल्या.

मी छताकडं बघायला लागलो.

"केलाय मोठा," आप्पा म्हणाले. "लेकरू वाढतंय की वो. पाळणा थोडाच वाढणार?"

त्यांनी आप्पांकडं पाहिलं, फरशीवरच्या ताज्या भुशाकडं पाहिलं, मग आप्पांच्या सुकलेल्या तोंडाकडं. त्यांना सगळं कळलं, याची मला आजही खात्री आहे. "गादीबी तेवढीच मोठी शिवून घेते," त्या म्हणाल्या. जाता जाता दारात थांबून हळूच म्हणाल्या, "भाळ चलो झालाय बीगरे." लई छान झालाय. आणि नवऱ्याला मोठ्यानं, "डिकीला कुलूप लावा वो."

आप्पा उपाशी झोपले आणि सकाळी बारशाला पाच होळग्या खाल्ल्या.

या प्रकरणातून मी क्लाससाठी एक नियम काढला. पट्टी चुकीची असली तरी चालतं, कामभर एकच असली पाहिजे. सगळं एकाच मापानं चुकलं की त्याला कुणी चूक म्हणत नाही. आप्पांनी हा नियम फारच मनावर घेतला. पाळण्यामागून त्यांनी चौरंग केला, कपाट केलं, विहीणबाईंच्या ऑर्डरवरून चिकोडीला एक झोपाळा धाडला. सगळं त्याच पट्टीनं. ती मी अजून परत मागितलेली नाही. त्या घरात आता खरं माप शिरलं, तर कपाटात एकही खण बसायचा नाही.