नसलेल्या हँडसेटवरून आलेला फोन

सगळ्यात आधी काशक्कांचं नाव घेते. मी ज्या घरात कामाला आहे त्याच्या खालच्या मजल्यावर पॉवरलूम आहेत, तिथे त्या कांड्या भरतात — मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या लाकडी धोट्यात सुताची जी कांडी बसते ना, ती. साठी कधीच ओलांडली, पण हात मशीनसारखा चालतो. त्या दिवशी त्यांनी तो फोन ऐकला नसता तर एक माणूस गेला असता, आणि मी खाली मान घालून गावाला परतले असते.

या ग्रुपवर सगळ्यांचे अनुभव वाचते, लिहायची पहिलीच वेळ. शाळा सातवीत सुटली, तेव्हा चुका सांभाळून घ्या. आणि हो, मी घाबरट नाही. आमच्या गावात ज्या चिंचेखालून लोक जायचे नाहीत तिथे मी शेळ्या बांधायचे. भूत म्हणजे रिकाम्या डोक्याचा उद्योग, असं मी लोकांना तोंडावर सांगितलेलं आहे.

मी हिंगोलीकडची. एजन्सीमार्फत इथे बेळगावात, वडगावला, या घरातल्या म्हाताऱ्या आप्पांना सांभाळायला आले. त्यांना साखरेचा आजार. गावी आई आणि मुलगी. मुलगी आठवीत आहे, म्हणजे माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढे गेली. ती पुढेच जावी म्हणून ही नोकरी.

घर असं — खाली पुढे सहा माग, मागे स्वयंपाकघर, आणि बावीस पायऱ्या चढून वर आप्पांची खोली. माग चालू असले की खाली शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत नाही. आप्पा वरून हाका मारायचे, मला ऐकू यायचं नाही. दोनदा असं झालं. दुसऱ्या वेळी आप्पा स्वतः उठायला गेले आणि पडता पडता वाचले. त्यांचा मुलगा संजयअण्णा तसा भला माणूस, पण त्या दिवशी स्पष्ट बोलला, "बाई, परत असं झालं तर मला दुसरी बाई बघावी लागंल."

मग त्यानेच उपाय काढला. घरात एक कॉर्डलेस फोन होता. त्याची सासुरवाडी निपाणी, तिथल्या एका दुकानातून त्याने त्याच कंपनीचा आणखी एक हँडसेट आणला. जुना माझ्या गळ्यात, नवा आप्पांच्या उशाशी. आप्पांनी बटण दाबलं की माझ्याकडे वाजणार. सोपं!

कसलं सोपं... कागद सगळा इंग्रजीत. बेसच्या, म्हणजे फोन ठेवायच्या खोक्याच्या, खालचं बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकला की हँडसेटवर चार शून्यं मारायची. मी मारली. तो शोधत बसायचा, शोधत बसायचा, आणि शेवटी नकाराची टुंई. दोन दिवस हेच. दुकानदाराला फोन करून विचारलं तर म्हणे, "दाबून धरा ओ, सोडू नका." अंगठ्याला वळ उठला! आप्पा वरून टोमणे मारायचे, "ह्यो फोन हाय का सोयरीक? जुळतच न्हाय." काशक्का वेगळ्याच. "अगं, पोरासारखं कडेवर घिऊन फिरायलीस त्येला. एक काजळाची तीट तरी लाव."

सोमवारी एकदाचा जुळला. पण स्क्रीनवर आकडा आला तीन. माझ्याकडचा एक, तर हा दोन व्हायला हवा ना? दुकानदार वैतागला, "लागला न्हवं? मग आकडा कशाला बघतायसा?" इंटरकॉम चालत होता, मला तेवढंच हवं होतं.

मंगळवारी दुपारी गळ्यातला फोन वाजला. स्क्रीनवर — दोन.

उचलला. बोलणं नाही. फक्त लाकडावर लाकूड आपटल्यासारखं. ठक ठक... थांबून, ठक. मी ताट तिथेच ठेवून बावीस पायऱ्या धावले. आप्पा पेपर वाचत बसलेले.

"तुम्ही फोन केला का आप्पा?"

"न्हाय की. का?"

बुधवारी तेच. गुरुवारी तेच. प्रत्येक वेळी मी धावायचे, आप्पा ठणठणीत. मी उलटा दोन लावून बघितला तर नुसती नकाराची टुंई. दुकानदार हसला, "दोन नंबर हायच न्हाय तर वाजंल कसा ओ?" संजयअण्णा म्हणाला, "जमत नसंल तर तसं सांगा." मला रडू यायचं बाकी होतं. आप्पांसाठी फोन आणला, जुळवायला दोन दिवस घातले, आणि आता तोच मला खोटं पाडत होता.

शुक्रवारी मी ठरवलं, आज तो दोन पुसूनच टाकायचा. आप्पांना जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं आणि ताट वाढायला खाली आले. कोनाड्यात बेस दिसला. म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे... आणि बसले बटणं दाबत. हे मेनू, ते मेनू, परत मागे. दोन मिनिटांची किती झाली, मला खरंच कळलं नाही.

गळ्यातला फोन वाजला. दोन. मी रागाने कट केला. परत वाजला, परत कट. तिसऱ्यांदा वाजल्यावर मी तणतणत दाराशी कांड्या भरत बसलेल्या काशक्कांकडे गेले आणि फोन त्यांच्या कानाला लावून ओरडले, "ऐका तुम्हीच! मला वेड लागलंय का सांगा!"

त्यांनी दुसऱ्या कानावर हात दाबला. ऐकलं. त्यांचा कांडीवरचा हात थांबला. तो हात थांबलेला मी कधी बघितला नव्हता.

"आप्पा जेवलं का गं?" त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं.

इन्सुलिननंतर वेळेत जेवण नाही मिळालं तर साखर एकदम उतरते. इंजेक्शन दिलेलं... आणि ताट रिकामं!

साखरेचा डबा घेऊन मी कशी वर गेले ते आठवत नाही. आप्पा खुर्चीत, मान छातीवर, सदरा घामाने भिजलेला, हाक मारली तर नुसतं हूं. नवा हँडसेट खोलीच्या दुसऱ्या टोकाला उशाशी, जागेवरच. ओल्या बोटाने साखर गालाच्या आत चोळत राहिले. मागून काशक्का आल्या, त्यांनीच संजयअण्णाला ओरडून खासबागेतल्या डॉक्टरांना बोलवायला लावलं. थोड्या वेळाने आप्पांनी डोळे उघडले. पहिलं वाक्य — "गोड का घालायलीस गं तोंडात? सण हाय व्हय?"

मी तिथेच रडले.

डॉक्टर येऊन गेल्यावर जिन्यात काशक्कांना विचारलं, तुम्ही नेमकं जेवणाचंच का विचारलंत? त्या पायरीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "हितं पैलं हातमाग हुतं. मी पोर असताना कामाला आल्ते. आप्पा माग चालवायचं, आन् वैनी — आप्पांची बायकू — तिला वरडायला आवडायचं न्हाय. जेवाण झालं की मोकळा धोटा घिऊन मागाच्या लाकडावर ठोकायची. दोनदा, मग दम खाऊन एकदा. आप्पा उठलंच पायजेत."

वैनी मी येण्याच्या कितीतरी वर्षं आधी गेल्या. त्यांचा धोटा, तो हातमाग, काहीच या घरात उरलेलं नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, मंगळवार, बुधवार, गुरुवार... फोन रोज ताट वाढायच्याच वेळेला वाजला होता.

काशक्कांनी उशिराबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. "बाईनं टायमाला साखर दिली," एवढंच संजयअण्णाला म्हणाल्या. मला ते पचेना. दुसऱ्या दिवशी मी आप्पांचे पाय धरून खरं सांगितलं. ठोक्यांचंही सांगितलं. त्यांनी मला हाताला धरून उठवलं. मग म्हणाले, "जेवाण तिच्या हातनं बी उशीराच मिळायचं. हाक तेवढी टायमाला मारायची. तू ऱ्हा हितंच."

संजयअण्णाने बेस उघडून तपासून घेतला. तपासणाऱ्याने सांगितलं, यात एक आणि तीनच जोडलेले आहेत, दोनवर कधी काही नोंदलंच गेलेलं नाही. मी म्हटलं, मग वाजलं काय? तो म्हणाला, मागांच्या हादऱ्याची गडबड असंल. पॉवरलूमची खडखड मी रोज ऐकते हो. ती थांबून दम खात नाही. आणि त्या खडखडाटात आप्पांचं फोनवरचं बोलणंसुद्धा नीट ऐकू यायचं नाही, ते ठोके मात्र बंद खोलीत ऐकावेत तसे स्वच्छ यायचे. त्या शुक्रवारनंतर दोन परत वाजला नाही. आता इंजेक्शनच्या आधी ताट वाढून वर नेते.

काशक्कांना विचारलं, तुमचे उपकार कसे फेडू? म्हणाल्या, "मला काय नगं बाई. उभा जल्म डबाच खाल्ला, त्यो बी गार."

काशक्का, तुम्हाला वाचता येत नाही, हे मी तुम्हाला वाचून दाखवणार आहे. एक दिवस तुम्हाला हिंगोलीला माझ्या घरी नेईन. पाट मांडीन, तव्यावरची भाकरी ताटात टाकीन, आणि ती गार व्हायच्या आत तुम्हाला हाक मारीन. टायमाला.